सशाचे केस, अंगोरा आणि उरुळीचा सुबाभूळ

फारसीत 'खर' म्हणजे गाढव आणि 'गोश' म्हणजे कान. दोन्ही जोडले की खरगोश, गाढवाच्या कानांचा. उर्दूच्या तासाला हा शब्द फोडून दाखवला की मुले हसतात आणि मग कधी विसरत नाहीत. मराठीतला ससा संस्कृत 'शश'वरून आला. त्याला तर आपण थेट चंद्रावर नेऊन बसवले: शशी, शशांक. अरबीत तो अर्नब. पंचतंत्रातला सिंहाला विहिरीत पाडणारा ससा पहलवीमार्गे अरबीत गेला आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या 'कलीला व दिमना'त अर्नब होऊन बसला. प्रवास मोठा झाला, हुशारी तीच राहिली.

गंमत अशी की या गोष्टीतला ससा आणि आपल्या घरात पिंजऱ्यात बसणारा पांढरा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. इंग्रजीत त्यांना दोन नावे आहेत, हेअर आणि रॅबिट. मराठीने, उर्दूने एकच नाव ठेवले. आपल्या लोणीच्या बाजूला उसाच्या बांधावरून किंवा रामदऱ्याच्या डोंगराकडे जाताना संध्याकाळी जो उडी मारून पळतो तो हेअर. त्याची पिल्ले केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. तो बीळ खणत नाही आणि माणसाळतही नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडून घरी आणू नये. घरातला ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सच्या बाजूचा. त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. आई स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यांच्यासाठी गादी करते. म्हणजे सशाचे केस उपटण्याची सुरुवात सशानेच केली, असे म्हणायला हरकत नाही.

हा लेख त्या केसांचा आहे. यंदा ईद आणि सशांचे केस झडणे बरोबर एका पंधरवड्यात आले. आमच्या गल्लीत तीन घरांत ससे आहेत, एक आमच्याकडे. ईदच्या सकाळी काळ्या शेरवानीवर पांढरे केस घेऊन नमाजला गेलेला मी एकटाच नव्हतो. त्या आठवड्यात मला चार जणांनी विचारले: सर, हा आजार आहे का? अंघोळ घालू का? एकाने तर खोबरेल तेल चोळायचे ठरवले होते. उत्तर तीन वाक्यांत देता येते आणि ते पुढे देईनच. पण प्राण्याच्या अंगावरून झडणारा केस ही इतकी साधी गोष्ट नाही. माणसाने त्यावर बाजार उभे केले आहेत, खोटे बोलला आहे, आणि या इतिहासाचा एक धागा आपल्या शेजारच्या उरुळी कांचनपर्यंत येतो.

आधी शब्दाचेच बघा. साप कात टाकतो, पक्ष्यांची पिसे गळतात. कबूतरबाज लोक उर्दूत त्याला 'कुरीज' म्हणतात. कबूतर कुरीजमध्ये आहे म्हटले की ते उडवायचे नाही, त्याला दाणा चांगला द्यायचा, हे न सांगता कळते. सस्तन प्राण्यांच्या केस झडण्याला असा खास शब्द माझ्या ओळखीच्या मराठीत नाही. कारण आपल्याकडची महत्त्वाची लोकर मेंढीची, आणि मेंढीची लोकर झडत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे कळप आपल्या रानात वाडा बसवायला येतात. त्यांच्याकडे कातर असते, फणी नसते. कातरले नाही तर लोकर अंगावरच गुंतून राहते.

मेंढी मात्र पहिल्यापासून अशी नव्हती. रानमेंढीचे केस दर वर्षी झडत. रोमन लेखक व्हॅरो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहितो की पूर्वी लोक लोकर कातरत नसत, उपटत असत, आणि लोकरीचा लॅटिन शब्दच 'उपटणे' या क्रियापदावरून आला. त्यानंतरच्या शतकात प्लिनी सांगतो की काही ठिकाणी उपटण्याची रीत अजून चालू आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या मेंढ्यांची लोकर कमी झडते त्या निवडून ठेवल्या, कारण रानात झाडाझुडपांना लागून वाया गेलेली लोकर कोणाच्या कामाची? शेवटी झडणेच बंद झाले आणि मेंढी कातरीवर अवलंबून राहिली.

जिथे झडणे बंद झाले नाही तिथे फणी टिकली. लडाखच्या चांगथांगमध्ये हिवाळा संपला की बकऱ्यांच्या लांब केसांखालची मऊ लव सुटू लागते. पाळणारे ती फणीने विंचरून काढतात. फारसीत लोकरीला 'पश्म' म्हणतात, त्यावरून पश्मीना. अकबराच्या दरबारात शालींचे काय कौतुक होते ते 'आईन-ए-अकबरी'त आहे. म्हणजे जगातली एक सर्वांत महाग शाल ही मुळात केस झडणाऱ्या प्राण्याला वेळेवर विंचरण्यातून तयार होते. आपण अंगणात सशाला घेऊन बसतो तेव्हा करतो तेच काम. फक्त आपल्या हाती शाल येत नाही.

पश्मीन्याच्या शेजारीच एक वाईट गोष्ट आहे, ती सांगायला हवी. शाहतूश शाल पश्मीन्याहूनही बारीक, अंगठीतून निघते अशी ख्याती. व्यापारी सांगत, तिबेटच्या पठारावर चिरू नावाचे हरीण झुडपांना अंग घासते, झडलेली लव तिथे अडकते, आणि लोक ती वेचून आणतात. ऐकायला सुंदर. घेणाऱ्याचे मनही स्वच्छ राहते. खरे असे होते की एकेका शालीसाठी चिरू मारले जात होते. जॉर्ज शेलर या प्राणिशास्त्रज्ञाने त्या पठारावर वर्षानुवर्षे काम करून हे जगासमोर आणले. आज शाहतूशच्या व्यापारावर जगभर बंदी आहे. 'आपोआप झडलेले' ही सबब किती सोयीची असते, हे लक्षात ठेवा; ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता सशाकडे. रोमन लोक त्याला भिंतींनी बंदिस्त केलेल्या कुरणात ठेवत, खाण्यासाठी. प्लिनीने एक मजेदार नोंद केली आहे: बॅलेरिक बेटांवर ससे इतके माजले की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैनिकांची मदत मागितली. ससा घरगुती कसा झाला याबद्दल एक ठरलेली कथा कित्येक पुस्तकांत छापलेली आहे. इसवी सन ६००च्या सुमारास पोप ग्रेगरी याने सशाची नवजात पिल्ले मांसात मोडत नाहीत, उपवासात चालतील, असे फर्मान काढले. मग ख्रिस्ती मठवासीयांनी ससे पाळायला सुरुवात केली आणि ससा माणसाळला. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मूळ कागद तपासले तेव्हा असे फर्मान सापडलेच नाही. सापडला तो दुसराच ग्रेगरी, तूर शहराचा बिशप. त्याने सहाव्या शतकात एवढेच लिहिले होते की रोकोलेनस नावाचा एक माणूस उपवासाच्या काळात सशाची पिल्ले खात होता, आणि पुढे मेला. दोन ग्रेगरींची अदलाबदल झाली आणि त्यातून एका प्राण्याचा जन्मदाखला तयार झाला. पोपचे फर्मान म्हटले की लोक मूळ दस्तऐवज मागत नाहीत. आपल्याकडेही 'बादशहाचे फर्मान होते' म्हटले की असेच होते.

लांब केसांचा अंगोरा ससा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये नावारूपाला आला. अंगोरा म्हणजे आजचे अंकारा. तिथल्या बकऱ्यांची लोकर आधीच प्रसिद्ध होती. तिला मोहेर म्हणतात, आणि तो शब्द अरबी 'मुखय्यर' म्हणजे निवडक यावरून गेला आहे. मग जे काही लांब केसांचे आणि मऊ दिसले, बकरी, मांजर, ससा, त्याला अंगोरा हे नाव चिकटले. नाव तुर्कस्तानचे, पण ससा प्रसिद्ध झाला तो फ्रान्सने. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अंगोरा हे नाव ऐकले ते वेगळ्याच कारणाने. खिलाफत चळवळीच्या काळात मुंबईत आणि गावोगाव 'अंगोरा फंड' गोळा होत होता, मुस्तफा कमालच्या अंगोरा सरकारसाठी. त्यात सशाचा काही संबंध नव्हता, एवढे सांगून पुढे जातो.

अंगोऱ्याचे केस लांब का? साध्या सशाचा केस साधारण पाच आठवडे वाढतो आणि थांबतो. अंगोऱ्यात वाढ थांबवणाऱ्या जनुकात बिघाड आहे, म्हणून केस सुमारे चौदा आठवडे वाढत राहतो. मग तोही सुटतो. फ्रेंच पाळणाऱ्यांनी हे हेरले आणि दर शंभर दिवसांच्या आसपास, केस मुळातून सैल झाला की तो हाताने आणि फणीने काढायचा, अशी रीत बसवली. एक ससा वर्षाला साधारण किलोभर केस देतो. जर्मनांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी कमी झडणारे ससे निवडले आणि कातरी लावली. मेंढीच्या बाबतीत जे हजारो वर्षांत झाले ते सशाच्या बाबतीत त्यांनी थोडक्यात उरकले. ऐंशीच्या दशकात जर्मन अंगोरा भारतातही आले. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे हिमाचलात कुलूजवळ गारसा येथे केंद्र आहे, तिथे ते वाढवले गेले. कुलूच्या बाजारात अंगोऱ्याच्या शाली दिसतात. पुण्याच्या हवेत मात्र ते काम नाही. तीस अंशांच्या वर साधा ससादेखील धापा टाकतो.

जर्मनीचे नाव निघालेच आहे तर. १९४५ साली सिग्रिड शुल्ट्झ या अमेरिकी पत्रकार बाईंना हिमलरच्या घरी एक अल्बम सापडला, वर 'अंगोरा' लिहिलेला. आत फोटो होते: स्वच्छ खुराडी, ब्रशने विंचरलेले गुबगुबीत ससे. ही खुराडी दाखाउ, बुखेनवाल्ड, ऑश्विट्झ अशा छळछावण्यांत होती. एसएसने तीसेक छावण्यांत अंगोरा पाळले होते, आणि १९४३ साली त्यांची संख्या पासष्ट हजारांच्या घरात होती. लोकर सैनिकांच्या आणि वैमानिकांच्या गरम कपड्यांसाठी. जिथे माणसे उपाशी मरत होती तिथे सशांचे केस रोज विंचरले जात होते. तो अल्बम आता विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहे. मी दहावीला दुसरे महायुद्ध शिकवताना आकड्यांपेक्षा हा अल्बम सांगतो. वर्गात त्यानंतर काही वेळ कोणी बोलत नाही.

आता उरुळी. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, आणि ते गेल्यावर मणिभाई देसाई तिथेच राहिले. त्यांनीच १९६७ साली बाएफ सुरू केले. संकरित गाई हे त्यांचे मोठे काम सगळ्यांना माहीत आहे. त्याच संस्थेने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुबाभूळ गावोगाव नेला: भराभर वाढणारा, प्रथिनांनी भरलेला पाला, शेळीला आवडणारा, सरपणालाही चालणारा. कालव्याच्या कडेने, बांधावर, शाळेच्या कुंपणाला आज जो सुबाभूळ दिसतो त्यामागे ही मेहनत आहे. दुष्काळी भागातल्या गोरगरिबांच्या शेळ्या त्यावर जगल्या, आणि त्याबद्दल संस्थेचे ऋण मानायलाच हवे.

पण त्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते, आणि ते केसांच्या मुळाशी पेशींची वाढ थांबवते. वेस्ट इंडीजमध्ये एकोणिसाव्या शतकातच लोकांनी पाहिले होते की हा पाला खाल्लेल्या घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. गाई-शेळ्यांच्या पोटातले जंतू त्याचा बराच बंदोबस्त करू शकतात. हवाईतल्या शेळ्यांना काही होत नाही आणि ऑस्ट्रेलियातल्या गाईंना होते, हे रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्याने कारण शोधले तेव्हा तो जंतू सापडला, आणि जंतूला जोन्सचेच नाव मिळाले. ऑस्ट्रेलियात तर मिमोसिन देऊन मेंढीची लोकर कातरीशिवाय उतरवता येईल का, याचेही प्रयोग झाले. ज्या मेंढीचे झडणे आपण हजारो वर्षे खपून बंद केले, ते औषधाने पुन्हा सुरू करायचे! माणसाच्या कारभाराचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

फ्रान्सने हेच सशावर केले. वाळवलेल्या सुबाभळीच्या पाल्यापासून केलेले लागोडेंड्रॉन नावाचे खाद्य तिथे निघाले. ते अंगोऱ्याला ठरलेल्या वेळी खायला घातले की अंगावरचे सगळे केस एकाच वेळी सैल होतात आणि उपटणे सोपे जाते. त्यांचे म्हणणे, यात सशाला त्रास होत नाही, कारण केस आपोआप सुटतो. हे म्हणणे पूर्ण खोटे नाही. सैल झालेला केस काढताना ससा खरेच शांत बसतो. पण 'आपोआप' हा शब्द इथे किती ताणला आहे ते बघा. विष घालून सुटलेला केस आपोआप सुटला कसा? आणि जिथे एवढीही काळजी घेतली जात नाही तिथे काय होते ते २०१३ साली दिसले. चीनमधल्या फार्मवर सशांचे घट्ट केस ओरबाडून काढतानाचे चित्रण प्राणिहक्कवाल्या पेटा संस्थेने प्रसिद्ध केले. सशांच्या किंकाळ्या ज्यांनी ऐकल्या ते विसरणार नाहीत. एरवी मुका असलेला हा प्राणी अगदी टोकाच्या वेदनेलाच ओरडतो. युरोपातल्या अनेक मोठ्या कपडे कंपन्यांनी त्यानंतर अंगोरा विकणे बंद केले.

म्हणून, लोणीकरांनो आणि इतरांनो, पहिली गोष्ट: कुंपणाचा सुबाभूळ शेळीला घाला, सशाला घालू नका. ससा रवंथ करणारा प्राणी नाही. फुकटचा हिरवा पाला म्हणून मुले रोज एक फांदी पिंजऱ्यात टाकतात, आणि महिन्याने टकले पडलेला ससा घेऊन विचारतात की सर, ऋतू तर संपला, मग अजून केस का गळतात.

ऋतूचेही थोडे सांगतो. सशाचे केस झडणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले आहे. उत्तर युरोपात हिवाळ्याचा दिवस आठ तासांचा आणि उन्हाळ्याचा सोळा तासांचा, त्यामुळे शरीराला इशारा स्पष्ट मिळतो. पुण्यात सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि मोठा सव्वातेरा. त्यातून घरातला दिवा रात्री अकरापर्यंत चालू. त्यामुळे आपल्याकडचे ससे युरोपातल्या पुस्तकाप्रमाणे झडत नाहीत, थोडे पुढेमागे होते, असे मी बघतो. मोठा बहर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, दुसरा पावसाळा सरल्यावर. बहुधा डोक्याकडून सुरुवात होते आणि पाठीवरून मागे सरकते. कधी मधे रेघ दिसते, जुन्या-नव्या केसांची हद्द. खालची कातडी गुळगुळीत असेल, नवे केस येत असतील तर आजार नाही. कोंडा, खपल्या, खाज, लालसर डाग असतील तर गोचीड-खरूज समजून डॉक्टरकडे न्या.

अंघोळ घालायची नाही. भिजलेला ससा घाबरून आणि गारठून दगावू शकतो. तेल तर नाहीच. तो ते चाटतो. सशाला मांडीवर टॉवेल टाकून बसवा, उताणा करू नका. आधी ओल्या तळव्याने डोक्याकडून शेपटीकडे दोन-चार हात फिरवा, निम्मे केस तळव्यालाच येतात. मग मऊ ब्रश किंवा बोथट दातांची फणी. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, तारेचा ब्रश दाबून फिरवला की फाटते. जो पुंजका वर आला आहे तो चिमटीत धरून उचला. आला तर आला, अडला तर सोडा, दोन दिवसांनी येईल. गुंता झाला असेल तर बोटांनी सोडवा. कात्री लावताना कातडी गुंत्याबरोबर वर येते आणि कापली जाते, म्हणून लहान मुलांच्या हाती कात्री नको. झडण्याच्या दिवसांत रोज दहा मिनिटे, एरवी आठवड्यातून एकदा.

रोज का, तर ससा स्वतःला मांजरासारखा चाटतो, पण मांजरासारखा ओकू शकत नाही. पोटात गेलेला केस पुढेच जायला हवा, आणि त्याला पुढे ढकलते ते गवत. अननसाचा रस, पपईची गोळी असले उपाय लोक सांगतात. पोटातला केस त्याने विरघळत नाही. वाळले गवत पोटभर, पाणी भरपूर. आपल्या दुधाच्या पट्ट्यात घोडाघास, म्हणजे लसूणघास, सहज मिळतो. तो चवीपुरता द्या. त्यात चुना जास्त असतो. हरळी मात्र बिनघोर. लेंड्या लहान झाल्या, केसांनी मण्यांसारख्या ओवलेल्या दिसू लागल्या तर गवत वाढवा आणि विंचरणे वाढवा. बारा तास खाणे आणि लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच डॉक्टर गाठायचा. सशाचे पोट थांबले की तो फार वेळ देत नाही.

एका शेजारच्या आपांनी पिशवीभर केस साठवून विचारले, याची लोकर होईल का? साध्या सशाचा केस जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, एकटा कातला तर धागा धरत नाही. पूर्वी युरोपात असल्या आखूड केसांची फेल्ट हॅट करत. केस एकमेकांत रुतावेत म्हणून पाऱ्याचे क्षार चोळत. केस गाजरी रंगाचे होत आणि कारागिरांचे हात आणि डोके दोन्ही थरथरू लागत. अमेरिकेत ते १९४१ साली बंद झाले. आपांना मी सांगितले, पिशवी गच्चीवर आडोशाला बांधून ठेवा. बुलबुल आणि शिंपी घरट्यासाठी घेऊन जातील.